व्हॅम्पायर मरतच नाहीत! घरच्या कार्ड गेममधलं हीलिंग कसं आवरायचं?

चिंचोके_मास्टर

मंडळी मदत पाहिजे. आम्ही मित्र मिळून एक कार्ड गेम बनवतोय, विकायचा वगैरे विचार नाहीये, जाड कागदावर प्रिंट काढून स्लीव्हमध्ये घालून खेळतो तेवढंच. दोघांचा गेम, प्रत्येकाला २० लाइफ, ४० पत्त्यांचा डेक, सुरुवातीला हातात ५ आणि मग दर टर्नला एक उचलायचा. गट चार, व्हॅम्पायर, शिकारी, लांडगे आणि गावकरी. कार्डावर दोन आकडे, हल्ला आणि जीव. मॅजिक: द गॅदरिंग या कार्ड गेममध्ये टर्न संपला की क्रीचरवरचं, म्हणजे लढणाऱ्या कार्डावरचं, डॅमेज पुसलं जातं ना, ते आम्हाला पटत नव्हतं म्हणून आमच्यात जखम राहते, जेवढं डॅमेज तेवढे चिंचोके कार्डावर ठेवायचे, चिंचोके जीवाइतके झाले की कार्ड मेलं. हल्ला एकतर्फी, म्हणजे ज्याला मारलं तो लगेच उलटून मारत नाही, त्याने आपल्या टर्नला मारायचं.

आता भानगड व्हॅम्पायरची. साधा व्हॅम्पायर म्हणजे हल्ला ३ जीव ४. त्याला तीन गोष्टी दिल्यात. स्वतःचा टर्न संपताना २ चिंचोके आपोआप निघतात. कुणाला चावला की जेवढा त्याचा हल्ला तेवढे चिंचोके अजून निघतात, आणि जखमच नसेल तर तेवढं लाइफ खेळणाऱ्याला मिळतं. आणि मेलाच तर २ रक्त भरून पुढच्या टर्नला पूर्ण जीव घेऊन परत. रक्त म्हणजे आमच्याकडचा मॅना, कार्डांची किंमत भरायला लागतो तो, दर टर्नला ३ मिळतं, साठत नाही.

होतं काय की समोर शिकारी असोत नाहीतर गावकरी, व्हॅम्पायरवाला एकतर जिंकतो नाहीतर गेम संपतच नाही, दीड दीड तास चालतो आणि शेवटी कुणीतरी म्हणतं जाऊ दे चहा करू. शिकाऱ्यांची बहुतेक कार्डं हल्ला २ ची आहेत. आम्ही आपोआप बरं होणं २ वरून १ वर आणून बघितलं, काडीचा फरक पडला नाही. मग चावून बरं होणं काढलं तर व्हॅम्पायर घेणाऱ्याने तोंड पाडलं की मग हा व्हॅम्पायर कसला, रात्री फिरणारा गावकरीच झाला. शिकारी डेकमध्ये "ऊन" नावाची २ कार्डं पण आहेत, टाकलं की त्या राउंडला कुणीच बरं होत नाही, पण ते हातात आलं तर व्हॅम्पायर साफ आणि नाही आलं तर शिकारी साफ. अजून एक नियम आहे, एका टर्नला एका कार्डावर एकच हल्ला करता येतो, तो सगळ्यांना लागू आहे.

नेमकं कुठे कापू?

गणित_नको_रे

आधी आकडे बघ, मग कापाकापी कर.

तुझा व्हॅम्पायर दर राउंडला चावून ३ आणि आपोआप २ असा एकूण ५ बरा होतो. त्याचा जीव किती? ४. म्हणजे तो जिवंत आहे याचा अर्थच त्याच्यावर जास्तीत जास्त ३ चिंचोके असणार, आणि ते तर नुसत्या चावण्यात निघून जातात. ते आपोआपचे २ कशालाच लागत नाहीत. म्हणून २ चं १ केलंस तरी फरक पडला नाही, शून्य केलं असतंस तरी पडला नसता. जोपर्यंत तो चावतोय तोपर्यंत त्याला मारायचा एकच मार्ग, एका फटक्यात ४. आणि तुझे शिकारी २ चे. खलास.

आता चावणं काढून नुसतं २ ने बरं होणं ठेवलं तर काय होतं बघ. हल्ला २ वाला मारतो, २ चिंचोके, टर्न संपला, २ गेले, परत शून्य. हा माणूस सकाळपर्यंत मारत बसला तरी व्हॅम्पायर मरणार नाही. हल्ला ३ वाल्याला दोन फटके लागतात. आणि गंमत म्हणजे बरं होणं अजिबात नसतं तरी ३ वाल्याला दोनच फटके लागले असते! हल्ला ४ ला एक फटका, दोन्हीकडे. म्हणजे तुझा नियम ताकदवान शत्रूविरुद्ध काहीच करत नाही आणि कमजोर शत्रूला पूर्ण निकामी करतो, मधलं काही नाहीच. दर टर्नला ठरावीक आकड्याने बरं होण्याचा हा जन्मजात दोष आहे, त्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी सगळा हल्ला पाण्यात. आणि आकडे इतके लहान असले की २ वरून १ म्हणजे थेट निम्मं, दीड ठेवायची सोय नाही. १ ठेवलं तर हल्ला २ वाल्याला तीन फटके लागतात, ते तसं बरं आहे, पण मग हल्ला १ वाले बिचारे कायमचे बाद.

ऊन चं पण सांगतो. ५ हातात आणि पाचव्या टर्नपर्यंत ५ उचलले म्हणजे १० पत्ते बघितले, ४० मध्ये २ ऊन, तर तोपर्यंत एक तरी ऊन दिसायची शक्यता ४४ टक्के. अर्ध्याहून जास्त गेममध्ये शिकाऱ्याला पाचव्या टर्नपर्यंत इलाजच मिळत नाही. ४ केलीस तर ७० टक्के होतं पण मग तो गेम व्हॅम्पायर विरुद्ध शिकारी राहत नाही, ऊन आलं का नाही आलं एवढाच उरतो.

पण माझ्या मते खरा गुन्हेगार तू सगळ्यात शेवटी जाता जाता सांगितलेला नियम आहे. एका कार्डावर एकच हल्ला! अरे दोन शिकाऱ्यांनी मिळून एकाच व्हॅम्पायरला मारलं तर २ + २ = ४, मेला. कमजोर लोकांनी जमून एकाला गाठायचं हाच तर शिकाऱ्यांचा डाव असणार, तोच तू बंद करून ठेवलायस.

चिंचोके_मास्टर

एकच हल्ला वाला नियम मुद्दाम घातला होता कारण त्याआधी सगळे मिळून जे पहिलं कार्ड टेबलवर येईल त्याला धुवायचे, कुणी काही उतरवायलाच तयार नसायचं. तो काढला की परत तेच होईल.

गणित_नको_रे

मग असं कर, ज्या कार्डावर टर्नच्या सुरुवातीलाच जखम आहे त्याच्यावर कितीही हल्ले चालतील, धडधाकट कार्डावर एकच. नवीन कार्डाला एक राउंड तरी श्वास मिळतो आणि जखमी व्हॅम्पायरला पळायची घाई होते, त्याला चावून जखम भरायचीच असते नाहीतर पुढच्या टर्नला टोळी येणार.

टॉरपोर_मामा

वरचं गणित बरोबर आहे पण मी जरा वेगळ्या बाजूने सांगतो. व्हॅम्पायरवरच बेतलेला एक जुना कार्ड गेम आहे, व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल, १९९४ मध्ये जिहाद या नावाने आला, दुसऱ्या वर्षी नाव बदललं. डिझायनर रिचर्ड गारफिल्ड, म्हणजे मॅजिकवालाच. आपल्याकडे खेळणारे बोटावर मोजण्याइतके आहेत, मला एकाने बंगळुरूत असताना शिकवला आणि तेव्हापासून मी जो भेटेल त्याला शिकवत सुटलोय, घरचे वैतागलेत.

त्यात बरं होणं कसं आहे बघा. प्रत्येक व्हॅम्पायरच्या कार्डावर रक्ताचे काउंटर असतात आणि किती मावतील याला मर्यादा असते. मार बसला की प्रत्येक डॅमेजमागे एक रक्त जाळायचं, जाळलं की जखम भरली. फुकट काही नाही. आणि तेच रक्त त्याच्या शक्ती वापरायला, बऱ्याच पत्त्यांची किंमत भरायला पण लागतं. म्हणजे दर वेळी डोक्याला ताप, आत्ता मोठी शक्ती वापरू की मार खायला रक्त राखून ठेवू. रक्त संपलं तर शिकारीला जावं लागतं, रिकाम्या व्हॅम्पायरला तर दुसरं काही करताच येत नाही, आणि एवढं करून साधारण एकच रक्त मिळतं. एक पूर्ण टर्न गेला त्याचा.

आता मार बसला आणि जाळायला रक्तच नाही तर? मरत नाही, टॉरपोरमध्ये जातो. पडून राहतो. त्याला बाहेर यायला २ रक्त लागतं, किंवा दुसरा व्हॅम्पायर २ रक्त खर्चून त्याला सोडवतो. पण तो पडलेला असताना दुसरा कुणी येऊन त्यालाच पिऊन टाकू शकतो, मग कायमचा गेला, आणि पिणाऱ्याला त्याचं उरलंसुरलं रक्त मिळतं. शिवाय आग वगैरे प्रकारचं डॅमेज वेगळं, ते रक्ताने भरताच येत नाही, तसा एक फटका बसला तरी सरळ टॉरपोर.

त्याहून कहर म्हणजे खेळणाऱ्याचं लाइफ, तिथे त्याला पूल म्हणतात, सुरुवातीला ३०, त्याच पूलमधून खर्च करून तुम्ही व्हॅम्पायर टेबलवर आणता. जेवढे दांडगे व्हॅम्पायर आणाल तेवढे तुम्ही स्वतः अशक्त.

तर माझं म्हणणं, आकडा २ का १ हा प्रश्नच नाहीये. तुमच्या गेममध्ये बरं होण्यासाठी व्हॅम्पायरवाल्याला काहीही सोडावं लागत नाही, चावणं तर तो तसंही करणारच होता. बरं होण्याच्या बदल्यात त्याच्या हातून काहीतरी गेलं पाहिजे, टर्न जाऊ दे, रक्त जाऊ दे, शक्ती जाऊ दे, काहीही.

शनिवारची_रमी

मामा तुमचा गेम भारी आहे पण तो शिकवायलाच अर्धा दिवस जातो, यांना चहाच्या आत संपणारा गेम पाहिजे असं दिसतंय 😄

मला वाटतं मेल्यावर २ रक्तात परत येणं हे सगळ्यात वाईट आहे आणि त्याबद्दल कुणी बोललंच नाही. मॅजिकमध्ये रिजनरेट नावाची गोष्ट १९९३ च्या पहिल्या सेटपासून होती, ड्रज स्केलेटन्स म्हणून एक सांगाडा होता, एक काळा मॅना भरा आणि तो नष्ट होत नाही. लोकांचा समज असा की मरून परत येतो, पण तसं नव्हतं, तो मरायचाच नाही, मरायच्या ऐवजी त्याच्यावरचं डॅमेज जायचं, तो आडवा व्हायचा आणि लढाईतून बाहेर पडायचा. आणि ते मॅना फटका बसायच्या आधी भरून ठेवावे लागायचे, नवीन माणूस नेहमी नंतर भरायला जायचा आणि भांडण. त्यातून पळवाटा किती, बळी दिला तर चालत नाही, टफनेस (तिथला जीव) शून्यावर आणली तर चालत नाही, आणि सगळे क्रीचर एकदम मारणाऱ्या रॅथ ऑफ गॉडसारख्या पत्त्यांवर मुद्दाम वेगळी ओळ लिहावी लागायची की यांना रिजनरेट करता येणार नाही. २०१६ च्या सुमारास नवीन सेटमध्ये ते वापरणंच बंद केलं, आता तशा जागी टर्न संपेपर्यंत इन्डिस्ट्रक्टिबल, म्हणजे नष्ट न होणारा, वगैरे देतात. बरं खेळायला पण कंटाळवाणं, समोरच्याने मॅना मोकळे ठेवून एक सांगाडा उभा केला की तुम्ही हल्ला करायचाच सोडून देता, दोघं एकमेकांकडे बघत बसलेले.

तुमचा दीड तासाचा गेम म्हणजे बदाम सातमध्ये एकाने अठ्ठी दाबून ठेवावी तसं आहे, हरणारा हरत नाही आणि बाकीचे नुसते पास पास. आमच्या ग्रुपमध्ये असा डेक कुणी आणला तर दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर कुणी बसत नाही, मग तो बॅलन्स्ड असो नाहीतर नसो.

काळी_मांजर_७

दोन गोष्टी अजून, त्या आत्ताच आवरा नाहीतर पुढे नवीन कार्डं वाढवलीत की हाताबाहेर जाईल.

पहिली, "जेवढा हल्ला तेवढा बरा" हे लिहिलंय ते बदला. जीव १ चा गावकरी चावला तर त्याच्यात रक्त एकाचंच ना, तरी व्हॅम्पायर ३ ने बरा होतो. मॅजिकचं लाइफलिंक असंच आहे, जेवढं डॅमेज केलं तेवढं लाइफ खेळणाऱ्याला, हल्ला ५ वाल्याने १/१ ला (हल्ला १ जीव १) मारलं तरी ५ लाइफ मिळतं, पण तिथे डॅमेज राहत नाही, ते सांभाळायला बाकी हजार गोष्टी आहेत, तुमच्याकडे नाहीत. तुमच्या गावकरी डेकचा तर यात बळी गेलाय, जेवढी जास्त माणसं उतरवाल तेवढं समोरच्याला जेवण. शिकार झालेल्यात जेवढा जीव शिल्लक होता तेवढंच मिळेल असं करा.

दुसरी, जखम नसेल तर लाइफ खेळणाऱ्याला मिळतं हे घातक आहे. ३ मारले आणि ३ मिळाले म्हणजे फरक ६ चा पडतो. दोघांचं २०, दोघंही दर राउंडला एकमेकांना ३ मारतायत असं धरा, सातव्या राउंडला समोरचा मेला आणि व्हॅम्पायरवाला मात्र जवळपास २० वरच. शर्यतच उरत नाही. म्हणूनच मॅजिकमध्ये व्हॅम्पायर नाइटहॉक हे कार्ड २००९ साली आलं तेव्हा तीन मॅनात २/३ असूनही लोक त्यावर तुटून पडले, उडतो, ज्याला लागेल तो मरतो, वर लाइफलिंक, हल्ला फक्त २ आहे म्हणून तरी ठीक.

आणि लाइफ मिळण्यावर चालणारी दुसरी कार्डं चुकून बनवू नका. मॅजिकचीच दोन कार्डं बघा, सँग्विन बाँड म्हणजे तुम्हाला लाइफ मिळालं की समोरच्याचं तेवढं जातं, एक्स्क्विझिट ब्लड म्हणजे समोरच्याचं लाइफ गेलं की तुम्हाला तेवढं मिळतं. दोन्ही टेबलवर असली की एक लाइफ कुठूनही मिळू दे, चक्र सुरू, समोरचा मरेपर्यंत थांबत नाही. दोन कार्डं वेगवेगळ्या सेटमधली आहेत, एक २००९ चं एक २०१२ चं, एकेकटं बघितलं तर दोन्ही सभ्य दिसतात. तुमच्याकडे चार गट आहेत म्हणजे असं काहीतरी जुळायला वेळ लागणार नाही.

@शनिवारची_रमी परत येणं पूर्ण काढायची गरज नाही असं मला वाटतं. व्हॅम्पायर परत उठतो ही तर त्यातली मजा आहे, ती काढली तर तो मुलगा परत तोंड पाडून बसेल. मामांनी सांगितलं तसं मधली अवस्था ठेवा, पडलेला आहे पण मेला नाहीये, आणि समोरच्याला त्याला संपवायची एक संधी.

चिंचोके_मास्टर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. सगळं एकत्र करून या शनिवारी असं खेळलो:

आपोआप बरं होणं बंद. चावला की ज्याला चावला त्याच्यात जेवढा जीव शिल्लक होता तेवढे लाल मणी व्हॅम्पायरच्या कार्डावर, जास्तीत जास्त ३ मावतात. नंतर मार बसला की एक मणी टाकून एक चिंचोका वाचवायचा, किंवा तोच मणी टाकून हल्ला त्या टर्नपुरता १ ने वाढवायचा. खेळणाऱ्याला लाइफ मिळणं बंद. जीव संपला की कार्ड शवपेटीत, म्हणजे आडवं. त्यानंतर शिकाऱ्याने आपला एक हल्ला त्यावर खर्च केला की खुंटी ठोकली, कायमचा गेला. नाही ठोकली तर व्हॅम्पायरवाला २ रक्त भरून उठवतो, पण उठताना मणी शून्य. आणि जखमी कार्डावर कितीही हल्ले, ते गणितवाल्या भाऊंचं.

फरक जमीन अस्मानाचा. गेम पाऊण तासाच्या आत संपतात. शिकारीवाल्याला पहिल्यांदा विचार करावा लागला, पेटीतल्याला ठोकू का समोर उभा आहे त्याला मारू, कारण दोन्ही जमत नाही. गावकरी डेक तर अचानक चांगला झाला, जीव १ ची माणसं पुढे केली की व्हॅम्पायर उपाशी! चावतो, एक मणी मिळतो, त्याने काय होणार. लांडग्यांचा जीव जास्त म्हणून व्हॅम्पायर आता लांडग्यांच्या मागे, ते आम्ही ठरवलंच नव्हतं पण मस्त वाटलं.

एक अडचण, व्हॅम्पायरवाला तीनही मणी दाबून बसतो, हल्ल्यासाठी वापरतच नाही, फक्त मार खायला ठेवतो. आणि ऊन चं काय करू ते कळत नाहीये, आता बरं होणंच बंद म्हटल्यावर ते कार्ड थांबवणार काय?

टॉरपोर_मामा

मणी दाबून बसतो कारण १ ने हल्ला वाढणं स्वस्तातलं वाटतं त्याला. एका मण्यात एक जखम वाचत असेल तर शक्ती पण तेवढ्याच मोलाची पाहिजे. २ ने वाढवून बघा, ५ चा हल्ला झाला की लांडगापण एका घासात. मग हात आपोआप सैल होतो.

काळी_मांजर_७

ऊन कार्ड काढूनच टाका, डेकमध्ये नशिबावर ठेवायची गोष्टच नाही ती. टेबलच्या मधोमध दिवस-रात्रीची पट्टी ठेवा, तीन राउंड रात्र एक राउंड दिवस, सगळ्यांना दिसतंय कधी उजाडणार ते. दिवसा मणी वापरता येत नाहीत बस. मॅजिकने २०२१ च्या मिडनाइट हंट सेटमध्ये दिवस-रात्र आणली होती पण ती टर्नमध्ये किती स्पेल (पत्ते) टाकले त्यावर फिरायची, लक्षात ठेवताना जीव जायचा, तुम्ही साधी गोटी सरकवत राहा. याने मणी दाबणं पण थांबेल, कारण उजाडायच्या आत वापरले नाहीत तर दिवसभर नुसते बघत बसायचे.

शनिवारची_रमी

हे आवडलं. पण मग शवपेटीत पडलेल्याचं काय, दिवसा तो जळणार का? जळणार असेल तर तिसऱ्या रात्री कुणी मरायलाच तयार होणार नाही.

चिंचोके_मास्टर

नाही जळणार, पेटीला झाकण आहे. पण दिवसा उठवता येणार नाही, एवढं ठेवतो. हल्ला २ ने वाढवून आणि पट्टी लावून पुढच्या शनिवारी खेळतो आणि लिहितो. मामा तुम्ही पुण्यात असाल तर या, चिंचोके आमचे, मणी तुमचे.